अडीच तास पुढे

दिवस पहिला : पर्थ

विमान उतरण्याआधी एक कार्ड भरायला देतात. त्यात एक प्रश्न असतो : माती, किंवा माती लागलेल्या वस्तू, बूट वगैरे जवळ आहेत का? मी 'हो'वर खूण केली. लेक म्हणाला, "आई, उगाच कशाला? कोण बघायला बसलंय!" पण इथे खोटं लिहायचं नाही, दंड जबर असतो, हे ह्यानं फोनवर मला दहादा बजावलेलं. आणि बूट ह्याचेच होते.

खोकं घरी आलं त्याला दोन वर्षं झाली. चमकत्या पट्ट्यांचे तीन शर्ट, दोरीला बांधलेलं भिंग, एक वही आणि हे बूट, पुढे पोलादी टोपी असलेले, बाजूला चेनचे. शर्ट मी धुतले. बुटांना हात लावला नाही. तळव्याच्या नक्षीत आणि शिवणीत लाल माती बसलेली होती. ते तसेच पिशवीत घालून चपलांच्या कपाटात सगळ्यात खाली ठेवून दिले.

हातमोजे घातलेल्या तरुण मुलीनं बूट उलटे करून बघितले आणि विचारलं, माती कुठली? म्हटलं, इथलीच, तुमचीच, कालगुर्लीच्या पलीकडची. ती हसली, मग माझ्याकडे बघून हसायची थांबली. माती कुठलीही असो, बाहेर जाऊन आली की ती परकी, असा नियम. बूट घेऊन ती आत गेली. ब्रशचा आवाज आला, पाण्याचा आला. दहा मिनिटांनी ओले बूट पिशवीतून परत मिळाले, नवे असल्यासारखे स्वच्छ. दोन वर्षं जपलेली माती त्यांच्या मोरीतून वाहून गेली. रडू येईल असं वाटलं होतं, आलं हसू. हा असता तर त्या मुलीला थांबवून त्या मातीत लोह किती आणि ती लाल का होते, हे सांगत बसला असता.

'हा' म्हणजे नवरा. आमच्या पिढीत नाव घ्यायला लाजायचं कारण नव्हतं, तरी लग्नानंतर मी जे 'हा' म्हणायला लागले ते म्हणतच राहिले. सासूबाई 'हे' म्हणायच्या, मी 'हा'. गेल्यावर लोक 'ते' म्हणायला लागले : ते फार शांत होते, ते कधी रागवायचे नाहीत. माझ्या तोंडी 'तो' आलंच नाही. मराठीत 'हा' जवळच्याला म्हणतात, 'तो' लांबच्याला. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणीतल्या नोकरीसाठी चार वर्षं साडेसात हजार किलोमीटरवर होता तेव्हाही तो 'हा'च होता.

(वरच्या वाक्यात एकदा 'तो' आलंय, पण ते वाक्याच्या सोयीसाठी. तेवढं चालायचं.)

घड्याळ अडीच तास पुढे केलं. रात्री मी भांडी आवरत असताना इकडे ह्याची झोप झालेली असायची अर्धी. "तुझ्या उद्यात मी आधीच पोचलोय," म्हणायचा. तेव्हा विनोद वाटायचा.

दिवस दुसरा : रेल्वे आणि पाइप

ईस्ट पर्थहून सकाळी 'प्रॉस्पेक्टर' नावाची गाडी सुटते. साडेसहाशे किलोमीटर, जेमतेम सात तास. विमानानं तासाभरात पोचलो असतो, पण सुट्टीवर येता-जाता हा याच गाडीनं पर्थ गाठायचा, आणि गाडीचं ह्याला भारी कौतुक. तास-दोन तासांनी गव्हाची शेतं लागतात, मग ती विरत जातात आणि तांबूस, गुळगुळीत, तेल लावल्यासारख्या चमकत्या खोडांची झाडं सुरू होतात. सॅमन गम.

अधूनमधून दिसत राहतो तो पाइप. जमिनीवरून, कधी रस्त्याकडेने, कधी रुळांकडेने. पर्थजवळच्या मुंडेरिंग धरणातून कालगुर्लीपर्यंत, सव्वापाचशे किलोमीटरच्या वर. १८९२ मध्ये कूलगार्डीला सोनं सापडलं, १८९३ मध्ये कालगुर्लीला, आणि माणसांची झुंबड उडाली. सोनं होतं, पाणी नव्हतं. नदी नाही, तळं म्हणावं तर मिठागर. माणसं सोन्यापायी आली आणि विषमज्वरानं मेली. तेव्हा सी. वाय. ओ'कॉनर या सरकारी इंजिनिअरनं आठ पंपिंग स्टेशनं लावून पाणी चढावर न्यायची योजना आखली. वर्तमानपत्रांनी आणि पुढाऱ्यांनी त्याला सोलून काढलं. १० मार्च १९०२ रोजी सकाळी तो घोड्यावरून समुद्रावर गेला आणि पाण्यात शिरून त्यानं स्वतःला गोळी घातली. २४ जानेवारी १९०३ ला कालगुर्लीत पाणी पोचलं.

हे मला ह्यानंच सांगितलेलं, चारेक वेळा. मरण्याआधी लिहिलेल्या चिठ्ठीत ओ'कॉनरनं शेवटी काय लिहिलं, तर धरणाच्या बाजूच्या भिंती ताबडतोब बांधून घ्या. ह्याला तो भाग फार आवडायचा : बघ, शेवटच्या ओळीतही काम! मी दर वेळी विचारायचे, आणि बायकोचं काय झालं? हा म्हणायचा, बघायला पाहिजे. बघितलं कधीच नाही. आता गाडीत बसून तो पाइप बघताना मला परत तोच प्रश्न पडला, आणि ह्या वेळी जरा रागही आला. दोघांचाही.

कालगुर्लीला उतरलो तेव्हा दुपार होती. हॉटेलच्या नळाला तोंड लावून पाणी प्यायले. वेगळी चव नव्हती.

दिवस तिसरा : खड्डा

याला इथे सुपर पिट म्हणतात. साडेतीन किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद, सहाशे मीटरहून खोल. पूर्वी इथे शेकडो लहान लहान खाणी होत्या, 'गोल्डन माइल' नावाच्या पट्ट्यात. मग सगळ्यांच्या मधल्या भिंती पाडून एकच खड्डा केला. लोखंडी कठड्याला टेकून बघितलं तर तळातले डंपर खेळण्यातले वाटतात. प्रत्यक्षात एकेक सव्वादोनशे टन दगड वाहतो. टनामागे सोनं म्हणाल तर दोनेक ग्रॅम.

"तुझ्या गळ्यातल्या दोन तोळ्यांसाठी दहा टन दगड फोडलाय कुणीतरी, तेव्हा जरा अदबीनं घाल," असं हा लग्नानंतर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच म्हणाला होता. मी मंगळसूत्र अजून घालते. काहींना खटकतं. खटको. दहा टन दगड काय त्यांनी फोडला होता?

जुनी एक गोष्ट इथे सगळे सांगतात. सुरुवातीच्या खाणवाल्यांना इथलं बरंचसं सोनं ओळखूच आलं नाही, कारण ते टेल्युरियम नावाच्या मूलद्रव्याशी जोडलेलं होतं, दिसायला फिकट, भलतंच. टाकाऊ समजून तो दगड रस्त्यांच्या खड्ड्यांत भरला. १८९६ मध्ये चूक कळली आणि लोक रस्ते उकरायला धावले. ह्याचं म्हणणं, भूगर्भशास्त्राचा सगळा अभ्यासक्रम एवढ्या एका गोष्टीत आटोपतो.

दुपारी कूलगार्डीच्या स्मशानात गेलो, चाळीस किलोमीटर मागे. काटक्या, गवत, लाल ढेकळं. विषमज्वरानं गेलेली विशी-तिशीतली माणसं. उंट घेऊन आलेल्या अफगाण लोकांच्या कबरी आहेत. अर्नेस्ट जाइल्स नावाचा शोधक १८९७ मध्ये इथेच गेला. आयुष्यभर वाळवंट पालथं घालून शेवटी इथल्याच कचेरीत कारकुनी करत होता. एका दगडावर, नवऱ्याच्या नावाखाली, बायकोसाठी सोडलेली रिकामी जागा होती. ती परत गेली असेल. दुसरं लग्न केलं असेल. बरं केलं.

लेक गाडीत बसूनच राहिला. त्याला थडगी बघायची नव्हती. मीही आग्रह केला नाही.

दिवस चौथा : मेन्झीस आणि मिठाचं तळं

भाड्याची गाडी घेऊन उत्तरेला निघालो. करारात लिहिलंय, अंधारात शहराबाहेर चालवायची नाही, कांगारू आडवे येतात. चिरंजीव गाडी चालवणार आणि मी कडेच्या झुडपांवर नजर ठेवणार, अशी वाटणी. दर पाच-दहा मिनिटांनी समोरून रोड ट्रेन, म्हणजे एकाला एक जोडलेले तीन-चार ट्रेलर. ती गेली की आपली गाडी थरथरते.

मेन्झीसच्या नगर कचेरीला मनोरा आहे. घड्याळासाठी बांधला, पण घड्याळ आलंच नाही. जवळजवळ शंभर वर्षं नुसती गोल भोकं होती. बोटीबरोबर बुडालं म्हणतात. १ जानेवारी २००० ला शेवटी बसवलं. मी त्याच्याखाली उभी राहून माझं घड्याळ ताडून बघितलं. बरोबर होतं.

तिथून पन्नासेक किलोमीटर मातीच्या रस्त्यानं लेक बॅलार्ड. तळं म्हणजे मिठाचं पांढरं पटांगण, मधोमध एक टेकडी. २००३ साली अँटनी गॉर्मली या शिल्पकारानं मेन्झीसच्या रहिवाशांची शरीरं यंत्रानं मोजून घेतली, ती आडवी दाबून काडीसारखी बारीक केली आणि धातूचे एक्कावन्न पुतळे करून या मिठावर लांब लांब उभे केले. एकातून दुसऱ्याकडे जायला पाच-सात मिनिटं चालावं लागतं. पावलं पडतात तिथे मीठ फुटून खालचा लाल चिखल वर येतो, त्यामुळे कोण कुठून कुठे गेलं, सगळं दिसतं.

ह्यानं याचे फोटो पाठवले होते तेव्हा मी 'छान' असं उत्तर दिलं होतं. अंगठ्याचं चित्र टाकून. घाईत असेन.

एका पुतळ्याशी थांबले. बाई आहे हे छातीवरून कळत होतं, बाकी सगळी हाडंच. खांदे खिळ्यासारखे, पोट नाहीच. उन्हावाऱ्यात तपकिरी झालेली, हात लावला तर कोमट. फोटोतली बाई हीच होती की दुसरी, ते कळायला मार्ग नव्हता, कारण फोटो लांबून काढलेला होता. हा कुठे उभा राहिला असेल ते मात्र टेकडीवरून हिशेब करून लेकानं काढलं. मुलगा बापावर गेलाय. आम्ही तिथे थोडा वेळ उभे राहिलो. माश्या फार. तोंड उघडलं की आत जातात, त्यामुळे बोललो नाही.

दिवस पाचवा : ग्वालिया, लेव्हरटन

ग्वालियाला हा पहिल्यांदा गेला तेव्हा फोन आला होता : "ग्वाल्हेरला आलोय!" मी दचकलेच. ग्वालिया हे वेल्स देशाचं जुनं नाव. सोनं शोधायला एका वेल्श माणसानं पैसे दिले म्हणून खाणीचं नाव 'सन्स ऑफ ग्वालिया'. १८९८ मध्ये तेवीस वर्षांचा हर्बर्ट हूवर तिचा मॅनेजर होता, पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला तोच.

२८ डिसेंबर १९६३ ला खाण बंद पडली. हजारावर वस्ती काही आठवड्यांत चाळीसेकांवर आली. घरं तशीच ठेवलीत : पन्हाळी पत्रा, आतून गोणपाट, त्यावर चुना. आत जाता येतं. एका स्वयंपाकघरात लोखंडी चूल, कपाटात पेले, दाराच्या चौकटीवर खिळा आणि खिळ्याला अडकवलेला चिमटा. त्या चिमट्यापाशी माझे पाय थबकले. कोलारच्या क्वार्टरमध्ये माझाही चिमटा चौकटीवरच्या खिळ्यालाच असायचा. २८ फेब्रुवारी २००१ ला कोलारच्या खाणी बंद झाल्या तेव्हा आम्ही तिथे होतो, लेक पोटात होता. सामान बांधून टेम्पोत बसल्यावर आठवलं, चिमटा राहिला. हा परत आणायला गेला आणि रिकाम्या हातानं आला. "राहू दे, कुणाला तरी लागेल." कोणाला लागणार होता?

लेव्हरटनला सलग डांबरी रस्ता संपतो. पुढे उलुरू या प्रसिद्ध खडकापर्यंत हजारावर किलोमीटर, बहुतेक माती. दुकानात रांगेत माझ्यापुढे तिथली मूळची एक म्हातारी होती, ऊलची टोपी घातलेली. कुठून आलात, कशाला, असं सहज विचारलं, तर मी खरंच सांगून टाकलं. तिनं मान हलवली, "सॉरी बिझनेस," म्हणाली (दुखवट्याला तिथे असं म्हणतात) आणि माझ्या मनगटावर हात ठेवला. नाव विचारलं नाही. तिकडे गेलेल्याचं नाव काही काळ घेतच नाहीत. त्याच नावाचा दुसरा कुणी जिवंत असेल तर त्यालाही तोवर 'कुन्मनारा' म्हणतात. गेलेल्यांची नावं-चित्रं असतील तर टीव्हीवर आधी सूचना देतात.

सासूबाईंनी जन्मात सासऱ्यांचं नाव घेतलं नाही, उखाण्यापुरतं सोडून. गेल्यावर मात्र घ्यायला लागल्या. आपलं उलटंच आहे.

दिवस सहावा : साइट

खाणीचं नाव लिहीत नाही. लेव्हरटनपासून दीड तास. फाटकापाशी एका नळीत फुंकायला लावतात, दारू प्यायलेली नाही ना, ते बघायला. आयुष्यात पहिल्यांदा फुंकले. शून्य आलं, तरी उगाच अपराधी वाटलं. मग हेल्मेट, चष्मा, चमकतं जाकीट. आणि पोलादी टोपीचे बूट असल्याशिवाय आत पाऊल नाही. त्यांनी पाहुण्यांसाठीचे बूट पुढे केले. म्हटलं, माझ्याकडे आहेत. मोज्यांचे दोन जोड चढवून ह्याचे बूट घातले. तरी दोन बोटं सैल.

राहायच्या खोल्या बघितल्या. पत्र्याच्या पेट्यांसारख्या ओळीनं मांडलेल्या, एक पलंग, एक टेबल, एक एसी. यांना इथे 'डोंगा' म्हणतात. "मी डोंग्यात झोपतो," असं हा पहिल्यांदा म्हणाला तेव्हा डिनर सेटमधला भाजी वाढायचा डोंगा माझ्या डोळ्यांसमोर आला होता आणि मी हसून हसून फोन ठेवला होता. ह्याच्या खोलीत आता दुसरं कोणी राहतं. दाराबाहेर त्याच्या चपला होत्या. आत गेलो नाही.

फेब्रुवारीतली पहाट. छातीत कळ आली तेव्हा ह्यानं स्वतःच शेजारचं दार ठोठावलं. साइटवरच्या पॅरामेडिकनं जे करायचं ते केलं, पाऊण तास. कालगुर्लीहून फ्लाइंग डॉक्टरचं विमान निघालं होतं. ते उतरलं तेव्हा डॉक्टरला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. माझ्या घड्याळात तेव्हा साडेतीन, मी झोपेत. फोन सहा वाजता आला. म्हणजे अडीच तास मी एका नसलेल्या माणसाची बायको होते आणि मला पत्ता नव्हता. शिवाय कूस बदलून परत झोपले होते, ते चांगलं आठवतं. पुढे शवविच्छेदन, कागद, शिक्के. घरी आणायला अकरा दिवस लागले. धावपट्टी बघितली. लाल मातीची, कडेला वारा दाखवणारी कापडी पिशवी, लोंबकळलेली. वारा नव्हता.

मग कोअर यार्ड. हे मात्र मला बघायचंच होतं, कारण हा दिवसभर इथे असायचा.

हिऱ्याच्या दातांचं पोकळ ड्रिल जमिनीत घालतात आणि मनगटाएवढ्या जाडीची दगडाची कांडी बाहेर काढतात, शेकडो मीटर. ती लांबट ट्रेमध्ये रांगेनं मांडतात, शाळेतल्या खडूंसारखी. भूगर्भवाला तिच्यावर पाणी मारतो, कारण ओला दगड बोलतो, सुका बोलत नाही. भिंगातून बघत बघत मेणाच्या पेन्सिलीनं थेट दगडावर खुणा करत जातो. नंतर कांडी करवतीनं उभी चिरतात. एक अर्धी प्रयोगशाळेत जाते, तिची पूड होते, वितळवून सोनं मोजतात. दुसरी अर्धी ट्रेमध्ये परत ठेवतात. ती वर्षानुवर्षं तशीच राहते, पुढे कुणाला पुन्हा बघावीशी वाटली तर.

ह्याच्याबरोबर काम करणारी एक बाई होती, चाळिशीची, उन्हानं रापलेली. ती काही फार बोलली नाही, सरळ एका मांडणीपाशी घेऊन गेली, दोन ट्रे खाली काढले आणि पाण्याची बाटली माझ्या हातात दिली. मी पाणी मारलं. राखाडी दगड काळा-हिरवा झाला. त्यावर पिवळ्या मेणात ह्याचं अक्षर. सातच्या पोटात रेघ, चारची काठी लांब. सतराशे साठ वेळा किराणा मालाच्या यादीत बघितलेले आकडे, इथे दगडावर.

"एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "ही खूण आम्हाला कोणालाच लागली नाही. तीन-चार कांड्यांवर आहे. कोडच्या तक्त्यात नाही."

तिनं बोट ठेवलं तिथे पांढऱ्या गारेची शीर होती, आणि शिरेत मोहरीहून बारीक, पिवळे, तीन ठिपके. शेजारी लिहिलं होतं :

वा!

उद्गारचिन्हाची दांडी होती. खालचा ठिपका करवतीत गेला होता.

मी तिला सांगितलं, ही खूण नाही, अक्षर आहे. गाणारा बरोबर समेवर आला की ऐकणारा जे म्हणतो ते. तिला सम कळली नसावी, पण ती म्हणाली, बाकीच्या कांड्यांवरही ते लिहिलंय तिथे तिथे सोनं डोळ्यांना दिसतंय. वहीत लिहून घेते. तिनं खरंच लिहून घेतलं, उच्चारासकट.

लेक माझ्या मागून वाकून बघत होता. तो काही बोलला नाही. बाटली माझ्या हातातून घेतली आणि सुकत आलेल्या जागी परत पाणी मारलं. मग परत.

"कुठे बसायचा?" मी तिला विचारलं. यार्डाच्या टोकाला पत्र्याखाली एक बाक होता, शेजारी नळ. बाकावर बसले. समोर ट्रेच्या रांगा, त्यांच्या पलीकडे झुडपं, त्यांच्या पलीकडे काही नाही. अर्धा तास बसले असेन. मध्ये कोणीतरी चहा आणून दिला, बिनसाखरेचा.

दिवस सातवा : परत

दिवसभर गाडी चालवून कालगुर्ली. लिहिण्यासारखं काही नाही. लिओनोराला डिझेल भरलं, काही कांगारू लांबून दिसले, लेकाला दुपारी झोप येत होती म्हणून मी मोठमोठ्यानं पाढे म्हणत होते.

रात्री हॉटेलात बूट बघितले. शिवणीत माती परत भरलीय, आधीपेक्षा जास्तच. जाताना कोणी विचारत नाही. वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत तळाला ठेवले.

ताईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, मागे कुकरची शिट्टी. काय बघितलंस, काय खाल्लंस, थंडी आहे का, सगळं झालं. मग मी म्हटलं, "आणि तो बसायचा ना, तो बाक बघितला. नळापाशीच आहे. सावली चांगली आहे."

"कोण तो?" ताईनं विचारलं.

"अगं," म्हटलं, "हाच."